न्यायमूर्ति विल्यम गॅस्टन यांचें अल्पचरित्र

ज्युबिलीच्या पुस्तकांत धर्मगुरूंचीं व देवळाचा पाया घालणारांचीं चरित्रें यावयाचींच. परंतु कोणताहि धर्मग्राम केवळ धर्मगुरूंच्या श्रमांवर उभा राहत नाहीं. जेव्हां देऊळ नसतें, धर्मगुरु वर्षाकाठीं एखादे वेळीं येतो, आणि मिस्सेसाठीं कोणाच्या तरी घरची ओटी झाडून सारवून ठेवावी लागते, तेव्हां श्रद्धेचा दिवा जपणारे असतात ते प्रापंचिक लोकच. असा एक प्रापंचिक गृहस्थ, धंद्यानें वकील, पुढें आपल्या राज्याच्या कायदेमंडळाचा सभासद आणि अखेरीस न्यायाधीश झालेला, उत्तर अमेरिकेंत होऊन गेला. त्याच्या देशांत एका जिल्ह्यास, एका शहरास व एका विस्तीर्ण जलाशयास त्याचें नांव आहे. आमच्याकडे मात्र त्याची वार्ता फारशी कोणास नाहीं. म्हणून या पुस्तकासाठीं आम्हीं त्याचेंच चरित्र निवडलें आहे.

विल्यम गॅस्टन यांचा जन्म ता. १९ सप्टेंबर १७७८ रोजीं नॉर्थ कॅरोलायना राज्यांतील न्यू बर्न या गांवीं झाला. न्यूस व ट्रेंट या दोन नद्यांच्या संगमावर हें बंदर वसलेलें आहे. वडील डॉक्टर अलेक्झांडर गॅस्टन हे आयर्लंडांत जन्मलेले व प्रेस्बिटेरियन पंथाचे. आई मार्गारेट शार्प ही इंग्लंडांतील कॅथलिक घराण्यांतील, फ्रान्समध्यें जोगिणींच्या मठांत शिकलेली. भावांस भेटावयास म्हणून ती समुद्रापलीकडे आली आणि लग्न होऊन तेथेंच राहिली. त्या प्रांतांत तेव्हां कॅथलिक कुटुंबें बोटांवर मोजण्याइतकीं होतीं. देऊळ तर एकहि नव्हतें.

वसाहतींनीं इंग्लंडच्या राजाविरुद्ध शस्त्र उचललें तेव्हां डॉक्टर गॅस्टन स्वातंत्र्याच्या बाजूस उभे राहिले. ऑगस्ट १७८१ मध्यें राजपक्षाच्या लोकांनीं न्यू बर्नवर अचानक झडप घातली. डॉक्टर घाटावर धांवत गेले व नावेंत बसून ट्रेंट नदी ओलांडूं लागले. मागोमाग पत्नी आली. पाठलाग करणारे घाटावर पोहोंचले तेव्हां ती त्यांच्या पायां पडून पतीच्या प्राणाची भीक मागूं लागली. परंतु तिच्याच खांद्यावरून नेम धरून त्यांच्यापैकीं एकानें गोळी झाडली, आणि डॉक्टर नावेंतच गतप्राण झाले. विल्यम त्या वेळीं अवघा तीन वर्षांचा होत होता. विधवा आईच्या पदरीं तो व जेन नांवाची मुलगी एवढींच राहिलीं. या बाईनें पुढें जें केलें तें पाहून आम्हांस आमच्याकडील कित्येक माउलींची आठवण होते. तिनें शोक मनांत ठेविला, घर काटकसरीनें चालविलें, आणि मुलास प्रार्थना व अक्षर या दोन्ही गोष्टी स्वतःच शिकविल्या.

त्याच सुमारास अमेरिकेचे पहिले बिशप जॉन कॅरल यांनीं पोटोमॅक नदीच्या कांठीं जॉर्जटाऊन येथें विद्यालयाची स्थापना केली होती. इमारत पुरी होऊन वर्ग भरण्यापूर्वींच, नोव्हेंबर १७९१ मध्यें, तेरा वर्षांचा विल्यम तेथें जाऊन दाखल झाला. त्या विद्यालयाच्या पटावरील पहिलें नांव त्याचें आहे. हवा मानवेना म्हणून १७९३ मध्यें त्यास घरीं परतावें लागलें. पुढें प्रिन्स्टन येथील विद्यालयांत त्यानें अभ्यास पुरा केला व १७९६ सालीं वर्गांत पहिला येऊन पदवी घेतली. प्रिन्स्टन हें प्रेस्बिटेरियन लोकांचें. तेथें राहूनहि मुलाच्या धर्मनिष्ठेस बाध आला नाहीं, याचें श्रेय आम्ही प्रथम त्याच्या आईस देतों.

न्यू बर्नला फ्रान्स्वा झेव्हियर मार्टिन नांवाचे फ्रेंच वंशाचे एक विद्वान वकील होते. त्यांच्या हाताखालीं कायदा शिकून १७९८ सालीं, वयाच्या विसाव्या वर्षीं, गॅस्टन यांनीं वकिलीची सनद मिळविली. बहीण जेन हिचे यजमान जॉन लुई टेलर हेहि नामांकित वकील. ते न्यायाधीश झाले तेव्हां त्यांचीं चालूं कामें या तरुण मेहुण्याकडे आलीं. थोड्याच वर्षांत पूर्व भागांतील कोर्टांत त्यांच्या तोडीचा वकील विरळा अशी ख्याति झाली. अशिलाची बाजू मांडण्यापूर्वीं ते विरुद्ध बाजूच्या म्हणण्याचा स्वतःच कसून शोध घेत. न्यायासनावर बसल्यावर हीच सवय त्यांच्या कामीं आली.

१८०० सालीं क्रेव्हन परगण्यानें त्यांस राज्याच्या कायदेमंडळाच्या वरिष्ठ सभेंत निवडून दिलें. तेथपासून पुढील तीस वर्षांत ते कधीं वरिष्ठ, कधीं कनिष्ठ सभेंत वरचेवर निवडून येत राहिले. १८०८ मध्यें कनिष्ठ सभेचे अध्यक्षहि झाले. मृताच्या मालमत्तेचे वारस कोणत्या क्रमानें ठरावे याविषयींचा १८०८ चा कायदा त्यांच्याच हातचा. राज्यास स्वतंत्र सर्वोच्च न्यायालय असावें ही व्यवस्था १८१८ सालीं झाली, तींतहि त्यांचा मोठा वाटा होता. आपणच पुढें त्या न्यायालयांत बसूं असें तेव्हां त्यांच्या स्वप्नींहि नसेल.

१८१३ ते १८१७ पर्यंत ते वॉशिंग्टन येथील काँग्रेसमध्यें होते. इंग्लंडशीं चाललेलें १८१२ चें युद्ध त्यांस व त्यांच्या फेडरलिस्ट पक्षास अनावश्यक वाटे, व युद्धासाठीं काढावयाच्या कर्जाच्या मसुद्यावर १८१४ मध्यें त्यांनीं केलेलें भाषण त्या काळीं गाजलें. चर्चा तोडून एकदम मत घेण्याची जी सभागृहाची वहिवाट, तिच्याविरुद्ध १८१६ मध्यें ते बोलले तेव्हां समोर हेन्री क्ले यांच्यासारखा कसलेला वक्ता होता. ही वादविवादाची बाजू आम्ही येथेंच सोडतों. कारण त्या चार वर्षांतील त्यांचें आम्हांस प्रिय वाटणारें काम निराळेंच आहे. आपल्या जुन्या जॉर्जटाऊन विद्यालयास पदव्या देण्याचा अधिकार मिळावा म्हणून त्यांनीं काँग्रेसपुढें अर्ज मांडला, आणि ता. १ मार्च १८१५ रोजीं अध्यक्ष मॅडिसन यांच्या सहीनें ती सनद मिळाली. पटावरचा पहिला विद्यार्थी शाळेचें ऋण असें फेडून गेला. तेथील मोठ्या सभागृहास आज त्यांचें नांव आहे.

घरचें सुख मात्र त्यांच्या वांट्यास थोडें आलें. १८०३ मध्यें केलेली पहिली पत्नी सुसान हे वर्षाच्या आंतच वारली. १८०५ मध्यें हॅना मॅक्क्लूर यांच्याशीं दुसरा विवाह झाला. जुलै १८१३ मध्यें गॅस्टन वॉशिंग्टनला असतां इंग्रजांचें आरमार कॅरोलायनाच्या किनाऱ्यास लागलें, व शत्रु न्यू बर्नवर चालून येतो अशी हूल उठली. हॅनाबाई गर्भवती होत्या. भीतीनें त्या आजारी पडल्या व पतीची भेट न होतांच वारल्या. मागें एक मुलगा व दोन मुली राहिल्या. ज्या युद्धास त्यांनीं सभागृहांत विरोध केला त्याच युद्धानें त्यांचें घर असें उजाड केलें. तिसरी पत्नी एलायझा वर्दिंग्टन, विवाह १८१६ सालीं. तीहि दोन मुली मागें ठेवून १८१९ मध्यें गेली. पुढें पंचवीस वर्षें त्यांनीं लग्न केलें नाहीं.

१८२० मध्यें दोन्ही कॅरोलायना व जॉर्जिया मिळून चार्ल्सटनचा नवा धर्मप्रांत झाला, आणि आयर्लंडांतून बिशप जॉन इंग्लंड आले. दुसऱ्याच वर्षीं ते न्यू बर्नला आले व गॅस्टन यांच्या घरीं उतरले. तेथें मूठभर कॅथलिक जमले, मिस्सा झाली, आणि सेंट पॉलच्या धर्मग्रामाची सुरुवात झाली. नॉर्थ कॅरोलायनांतील सर्वांत जुना धर्मग्राम तोच. धर्मगुरु नसतांना प्रार्थना चालविण्याचा भार प्रापंचिकांवरच असे. लांकडी देऊळ उभें राहावयास मात्र पुढें जवळ जवळ वीस वर्षें लागलीं. गॅस्टन यांनीं त्यास सढळ हातानें मदत केली. बिशप इंग्लंड यांची व त्यांची मैत्री बिशपांच्या मरणापर्यंत टिकली.

आतां आम्ही त्यांच्या आयुष्यांतील खऱ्या पेंचाकडे येतों. नॉर्थ कॅरोलायनाच्या १७७६ च्या राज्यघटनेंत बत्तिसावें कलम असें होतें कीं, जो ईश्वराचें अस्तित्व, प्रॉटेस्टंट धर्माचें सत्य किंवा पवित्र शास्त्राचा दैवी अधिकार नाकारील त्यास राज्यांत कोणतीहि अधिकाराची जागा धारण करतां येऊं नये. कलम कोणावर रोखलेलें आहे हें सर्वांस ठाऊक होतें, पण तें क्वचितच उपसलें जाई. १८०९ मध्यें जेकब हेन्री या यहुदी सभासदास सभेबाहेर काढण्याचा प्रयत्न झाला, तरी त्यांची जागा राहिली. गॅस्टन तर तीस वर्षें उघड कॅथलिक म्हणून निवडून येत होते. परंतु कायदेमंडळांत बसणें वेगळें आणि घटना पाळण्याची शपथ घेऊन सर्वोच्च न्यायालयांत तिचा अर्थ सांगणें वेगळें.

१८३३ मध्यें मुख्य न्यायाधीश हेंडरसन वारले व त्यांच्या रिकाम्या जागेवर गॅस्टन यांस बसवावें असा आग्रह मित्रांनीं धरला. न्यायाधीशाचा पगार वकिलीच्या मिळकतीच्या मानानें अल्प; त्याचा त्यांनीं विचार केलाच असेल. पण मुख्य अडचण विवेकाची होती. शपथ खोटी ठरली तर न्यायासनच अपवित्र. आणि भिऊन मागें सरावें तर कॅथलिक माणूस परकाच होय असें आपण होऊन कबूल केल्यासारखें. त्यांनीं कलमाचे शब्द पुनःपुन्हां तपासले, जाणत्यांचा सल्ला घेतला. त्यांचा निष्कर्ष असा कीं, प्रॉटेस्टंट धर्म म्हणजे नेमकें काय हें घटना सांगत नाहीं. माणसाचा हक्क हिरावणारें कलम संदिग्ध असेल तर तें ताणून लावूं नये. आणि कॅथलिक मनुष्य ख्रिस्ती सत्यें नाकारीत नाहीं, तो त्यांहून अधिक मानतो. आम्हांस विचाराल तर या युक्तिवादाला थोडा वकिली वास येतो. पण ते तो कोठें लपूनछपून करीत नव्हते, आणि निवड करणारें कायदेमंडळ त्यांचा धर्म पुरतें जाणून होतें. कायदेमंडळानें त्यांस निवडलें, त्यांनीं शपथ घेतली, व ते थॉमस रफिन आणि जोसेफ डॅनियल यांच्या शेजारीं तिसरे न्यायाधीश म्हणून बसले.

दोनच वर्षांनीं मन मोकळें करण्याची संधि आली. जून १८३५ मध्यें रॅले येथें घटनेंत दुरुस्ती करण्यासाठीं परिषद भरली व क्रेव्हनतर्फे गॅस्टन तींत होते. बत्तिसाव्या कलमावर वाद पेटला. पोप राज्य बळकावील, कॅथलिकांची निष्ठा परक्या सत्तेशीं बांधलेली असते, असलीं भाषणें झालीं. गॅस्टन दोन दिवस बोलले. आपण ती जागा कां स्वीकारली याचा हिशेब त्यांनीं प्रथम भर सभेंत दिला. मग पोपची सत्ता धर्माच्या बाबतींत आहे, राज्यकारभारांत नाहीं, हें समजावून सांगितलें. शेवटीं ते केवळ स्वतःच्या पंथासाठीं भांडले नाहींत. अधिकारपदासाठीं धर्माची कसोटी मुळीं असूंच नये, यहुद्यासहि नसावी, अशी त्यांची मागणी होती. सभा तेवढी पुढें गेली नाहीं. तिनें प्रॉटेस्टंट हा शब्द काढून ख्रिस्ती हा शब्द घातला, एवढेंच. मिळालें तें गॅस्टन यांनीं घेतलें, आणि त्याच वर्षीं लोकांनीं मतें देऊन दुरुस्ती कायम केली. कॅथलिकांस दार उघडलें; यहुदी मात्र १८६८ पर्यंत बाहेरच राहिले. लंडनच्या पार्लमेंटचें दार कॅथलिकांस १८२९ मध्यें उघडलें होतें हें ध्यानांत घेतलें म्हणजे रॅलेची गोष्ट फार मागासलेली वाटत नाहीं.

त्याच परिषदेंत आणखी एक प्रश्न निघाला. नॉर्थ कॅरोलायनांत गुलामगिरींतून सुटलेल्या व स्वतंत्र जन्मलेल्या काळ्या लोकांस तोंवर मतदानाचा हक्क होता. तो काढून घ्यावा असा ठराव आला. मिळकत असलेल्या सचोटीच्या माणसाचा तरी हक्क राखावा म्हणून गॅस्टन बोलले. थोड्या मतांनीं त्यांची बाजू हरली आणि त्या लोकांचा हक्क गेला.

गुलामगिरीच्या प्रश्नावर गॅस्टन यांची दुखरी बाजू आहे, आणि ज्युबिलीचें पुस्तक आहे म्हणून ती झांकून ठेवणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. जून १८३२ मध्यें चॅपल हिल येथील विद्यापीठांत, ज्याचे ते पुष्कळ वर्षें विश्वस्त होते, त्यांनीं तरुणांपुढें भाषण केलें. गुलामगिरीमुळें दक्षिणेचा उद्योग, शील व समृद्धि हीं मागें पडलीं असून ती उपटून टाकण्याचें काम तुमच्या पिढीचें आहे, असा त्याचा आशय होता. दक्षिणेंत हें बोलावयास छाती लागे, कारण आदल्याच वर्षीं व्हर्जिनियांत गुलामांचें बंड होऊन सर्वत्र धास्ती पसरली होती. परंतु हेंच बोलणाऱ्या गॅस्टन यांच्या मळ्यांवर पुष्कळ गुलाम राबत होते, आणि मरेपर्यंत ते त्यांचे मालकच राहिले. जें काम त्यांनीं तरुणांवर सोंपविलें त्याचा आरंभ त्यांस स्वतःच्या मळ्यांत करतां आला असता. तो त्यांनीं केला नाहीं.

असें असूनहि त्यांच्या दोन निकालांचें मोल कमी होत नाहीं. पहिला १८३४ चा. जानेवारींत एजकोंब परगण्यांत विल नांवाच्या गुलामाचें दुसऱ्या गुलामाशीं कुदळीच्या दांड्यावरून भांडण झालें. विलनें दांडा स्वतः केला होता, आणि मुकादमानें तो दुसऱ्यास देवविला. विलनें रागानें दांडा मोडला व कामास निघून गेला. मुकादम बॅक्स्टर बंदूक घेऊन घोड्यावर आला. विल पळूं लागला तेव्हां त्यानें पाठीमागून गोळी घातली. जखमी विल धांवत राहिला. पुढें पकडला गेला तेव्हां झटापटींत त्यानें चाकूचे वार केले आणि बॅक्स्टर रक्तस्रावानें मेला. खालच्या कोर्टानें विलवर खुनाचा गुन्हा शाबीत धरला, म्हणजे फांशी ठरलेली.

अपील सर्वोच्च न्यायालयांत आलें. त्याच न्यायालयांत चारपांच वर्षांपूर्वीं रफिन यांनीं निकाल दिला होता कीं, पळणाऱ्या लिडिया नांवाच्या गुलाम स्त्रीवर गोळी झाडणाऱ्या मालकासारख्या इसमास शिक्षा होऊं शकत नाहीं, कारण मालकाची सत्ता पूर्ण असली पाहिजे. आतां तेच रफिन मुख्य न्यायाधीश, आणि निकाल लिहावयाचा गॅस्टन यांनीं. त्यांनीं मांडलें तें थोडक्यांत असें. मालकाची सत्ता कितीहि मोठी असली तरी गुलामाचा प्राण घेण्याचा अधिकार तींत येत नाहीं. गुलाम हा मनुष्य आहे व मनुष्याच्या भावना त्यास आहेत. प्राणावर बेतलें असतां भीतीनें व संतापानें त्याचा हात उठला तर त्यास थंड डोक्यानें केलेला खून म्हणतां येत नाहीं. म्हणून गुन्हा सदोष मनुष्यवधाचा, खुनाचा नव्हे. विल फांशींतून सुटला. रफिन यांनीं आपला जुना निकाल मागें घेतला नाहीं, परंतु या निकालाविरुद्धहि ते गेले नाहींत.

दुसरा निकाल १८३८ चा. मॅन्युएल नांवाच्या, गुलामगिरींतून मुक्त झालेल्या काळ्या इसमास मारामारीबद्दल वीस डॉलर दंड झाला. दंड भरतां येईना म्हणून त्यास मजुरीस लावण्याचा हुकूम झाला, कारण मुक्त काळ्या लोकांसाठीं तसा खास कायदा होता. हा कायदा घटनेविरुद्ध आहे कीं नाहीं हें ठरवावयाचें होतें. काळा मनुष्य नागरिकच नाहीं, मग घटनेचें संरक्षण कसलें, असा सरकार पक्षाचा रोख. गॅस्टन यांनीं तो अमान्य केला. या राज्यांत जन्मलेला मुक्त मनुष्य, रंग कोणताहि असो, राज्याचा नागरिक आहे, असें त्यांनीं स्पष्ट लिहिलें. दंडाचा कायदा मात्र त्यांनीं घटनेस धरून आहे असें ठरविल्यामुळें मॅन्युएलच्या पदरांत त्या दिवशीं कांहींच पडलें नाहीं. परंतु १८५७ मध्यें ड्रेड स्कॉटच्या प्रसिद्ध खटल्यांत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें काळ्या लोकांस नागरिकत्व नाकारलें, त्या वेळीं भिन्नमत देणारे न्यायमूर्ति कर्टिस यांनीं आधार म्हणून याच निकालाकडे बोट दाखविलें. बहुमताचा निकाल देणारे मुख्य न्यायाधीश टेनी हे स्वतः कॅथलिक होते, हेंहि येथें सांगणें भाग आहे.

१८४० मध्यें वॉशिंग्टनच्या सिनेटांत जाण्याचा मान गॅस्टन यांच्याकडे चालून आला, परंतु त्यांनीं न्यायासन सोडलें नाहीं. कवितेचीहि त्यांस थोडी आवड होती. आपल्या राज्यावर त्यांनीं रचलेलें गीत १९२७ मध्यें नॉर्थ कॅरोलायनाचें अधिकृत राज्यगीत झालें. कायद्याच्या माणसानें लिहिलेलें गीत शाळेंतील मुलें म्हणतात, ही गोष्ट आमच्या वकील वाचकांस गंमतीची वाटेल.

ता. २३ जानेवारी १८४४ रोजीं रॅले येथें कोर्टाचें काम चालूं असतां त्यांस घेरी आली. बिऱ्हाडीं नेल्यावर बरें वाटूं लागलें, व संध्याकाळीं भोंवतीं जमलेल्या मित्रांशीं ते जुन्या गोष्टी बोलत बसले. बोलण्याचा ओघ ईश्वरावरील श्रद्धेकडे वळला होता. एक गोष्ट सांगतां सांगतां ते उठून बसले, आणि वाक्य पुरें होतें न होतें तोंच मागें कोसळले. वय पासष्ट होतें. देह प्रथम रॅले येथें ठेवला, मग न्यू बर्नला नेऊन सीडर ग्रोव्ह स्मशानभूमींत पुरला. दोन वर्षांनीं, १८४६ मध्यें, नव्या जिल्ह्यास गॅस्टन हें नांव दिलें गेलें. न्यू बर्नमध्यें त्यांची वकिलीची लहानशी कचेरी जपून ठेवलेली आहे, आणि सेंट पॉलचें जुनें लांकडी देऊळहि उभें आहे.